एक पाऊल डावीकडे

पहिल्या गुरुवारी मी सतरा फोटो नेले.
सतराही फोटोंत गुराम, बरोब्बर मधोमध,
खिळा ठोकून टांगल्यासारखा,
आणि त्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला.

नोदार मास्तर हसले नाहीत.
चिआतुराच्या खाणीत हयात गेलेला माणूस, एक डोळा अधू.
विचारलं, "लामारा, यात दाखवायचंय काय तुला?"
मी म्हटलं, सगळं.
डोंगर, दरीवरून जाणारी रोपवेची डबी,
मँगनीजनं काळी पडलेली नदी,
आमची नवी गाडी, सासूबाई,
आणि हो, गुराम.
"मग हा फोटो नाही," ते म्हणाले,
"बिऱ्हाड हलवतानाचा ट्रक आहे."

सगळा वर्ग हसला. बेसो तर जरा जास्तच,
त्याच्या स्वतःच्या फोटोत क्षितिज इतकं कललेलं
की नदी बशीतल्या चहासारखी सांडत होती.

मास्तरांनी प्रत्येकाला एक पुठ्ठा दिला,
मध्ये पोस्टकार्डाएवढं भोक.
आठवडाभर कॅमेऱ्याला हात नाही.
यातून बघत फिरायचं,
आत काय घ्यायचं ते नंतर.
आधी बाहेर काय ठेवायचं ते ठरवा.

मला ते जड गेलं.
मी बेकरीवाली.
माझ्या दारातून कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही,
आणि आता चौकटीशी उभं राहून
माणसं परत पाठवायची?
सासूबाईंचा खांदा कापला
तेव्हा रात्री झोप लागली नाही.
"कापायचं तर नीट काप," मास्तर म्हणाले,
"सांध्यावर नको.
मनगटावर तुटलेला हात
फोटोभर ठणकत राहतो."

पाचव्या आठवड्यात ते बेकरीत आले. पहाटेचे चार.
मी भट्टीत कमरेपर्यंत वाकलेली,
जमिनीत पुरलेल्या रांजणासारखी आमची भट्टी,
तिच्या आतल्या भिंतीवर
लांबट, टोकदार शोती थापत होते.
ते दारात, दिव्यासमोर, माझा उजेड अडवून.
"एक पाऊल डावीकडे!" मी खेकसले.
ते सरकले.
मग कितीतरी वेळ गप्प.

"दोन पावांत एवढी जागा का सोडतेस?"
फुगतात ना. एकमेकांना चिकटले तर दोन्ही वाया.
"आणि त्या बाजूला जास्त?"
आच तिकडे आहे.
त्यांनी मान हलवली, एक गरम पाव काखेत मारला,
पैसे ठेवले आणि गेले.
शिकवलं काहीच नाही.
मी दिवसभर चिडून होते,
फी भरलेली बाई मी.

रविवारी गुराम पायरीवर बसून
बुटाची नाडी सोडत होता.
गाठ बसलेली. त्याला हाक मारावी,
हस म्हणावं, असं तोंडाशी आलं होतं.
गिळलं.
गुडघ्यावर बसले,
पुठ्ठ्याची सवय डोळ्याला झालेली,
एक पाऊल डावीकडे,
आणि तो उजव्या कोपऱ्याला गेला.
त्याच्यासमोर नुसती भिंत, पोपडे आलेली,
आणि त्याच्या वाकण्याइतकी मोकळी जागा.
मग थांबले.
ऊन पायरीवरून उतरून बुटापर्यंत आलं,
गाठ सुटली,
त्याचे खांदे जरासे खाली आले.
तेवढाच.
एकच फोटो काढला.

गुराम म्हणाला, "भिंत केवढी, मी केवढा!
पैसे भिंतीनं दिलेत का?"
सासूबाईंनी चष्मा लावून स्वतःला शोधलं.
डाव्या काठावर त्यांची एक चप्पल सापडली,
तेव्हा कुठे शांत झाल्या.
पण गुरामनं तो फोटो परत दिला नाही.
चहा गार होईपर्यंत हातात धरून होता.
"एवढा थकतो मी?" असं काहीतरी पुटपुटला,
मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी मास्तरांनी तो चांगल्या डोळ्याजवळ नेला.
"क्षितिज सरळ आहे," एवढंच म्हणाले.
आणि खांब?
"खांब आहे की.
आता तो कुत्र्याच्या डोक्यातून उगवलाय."

कुत्रा मी पाहिलाच नव्हता.